दोन देश आणि एकच पहिली ओळ: पोलंड-युक्रेनचं संगीत समजून घेताना

घरात पेटी असेल तर काढा. पांढरी एकचा सा धरा. आता काळी दोन, पांढरी दोन, पुन्हा काळी दोन आणि शेवटी पांढरी एक. म्हणजे कोमल ग, रे, कोमल ग, सा. पहिल्या आणि शेवटच्या स्वराला एकेक मात्रा, मधल्या दोघांना मिळून एक. तीन मात्रांत चार स्वर झाले. हेच न थांबता दहा-बारा वेळा वाजवा, जरा जलद.

ओळखीचं वाटलं ना? डिसेंबर लागला की मॉलमध्ये, रील्समध्ये, ‘होम अलोन’ टीव्हीवर लागला की त्यात, सगळीकडे हेच चार स्वर फिरत असतात. ‘कॅरल ऑफ द बेल्स’ या नावाने जग त्याला अमेरिकन नाताळगीत म्हणून ओळखतं. पण मूळ गाणं युक्रेनचं आहे, त्यात घंटा नाहीत आणि नाताळही नाही. ते लिहिणाऱ्या माणसाला वयाच्या ४३ व्या वर्षी आईवडिलांच्या घरात गोळी घालून मारलं गेलं. त्याच्याकडे पुढे येतोच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला, तेव्हापासून युरोपातल्या संगीतसभांत एक वाद सुरू आहे. कोणता संगीतकार कोणाचा? चायकोव्हस्कीसारखा रशियन संगीतकार वाजवायचा की नाही? युक्रेनचं म्हणून वेगळं संगीत आहे का, की ते रशियन संगीताचंच एक दालन? दुसरीकडे २०२५ च्या ऑक्टोबरात पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, शोपँ या एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकाराच्या नावाची पियानो स्पर्धा झाली. दर पाच वर्षांनी होणारी ही स्पर्धा त्या वर्षी एरिक लू या अमेरिकन पियानोवादकाने जिंकली. त्या निमित्ताने आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही जुना प्रश्न आला: शोपँ फ्रेंच ना? पोलिश कधीपासून झाला?

हे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून एकत्रच सोडवू.

## आधी ‘संगीतकार’ म्हणजे कोण?

आपल्या रागसंगीतात बंदिश दोन-चार ओळींची असते. बाकीची इमारत गाणारा त्या क्षणी बांधतो. त्यामुळे बंदिश कुणाची यापेक्षा ‘काल कोण गायलं’ हे आपल्याला महत्त्वाचं. युरोपच्या अभिजात परंपरेत उलट आहे. तिथला संगीतकार प्रत्येक स्वर, त्याची लांबी, कुठे हळू, कुठे जोरात, कुठलं वाद्य, हे सगळं कागदावर लिहितो. त्या लेखनाला नोटेशन म्हणतात आणि वाजवणारा त्यातला स्वर बदलत नाही. जे बदलतं ते उच्चारण.

दुसरी गोष्ट हार्मनी. आपल्या भजनात पन्नास जण एकच चाल गातात. तिथल्या गायनवृंदात एकाच वेळी चार वेगळ्या चाली चालू असतात आणि त्या एकमेकींना धरून असतात. बस्स, एवढ्या दोन शब्दांवर लेख पार पडेल.

## नकाशावर नसलेल्या देशांचं संगीत

पोलंड एके काळी युरोपातलं मोठं राज्य होतं. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने ते गिळलं. पुढची १२३ वर्षं, १९१८ पर्यंत, पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. युक्रेनची गत त्याहून अवघड. मोठा भाग रशियन झारच्या ताब्यात, पश्चिमेचा गॅलिशिया ऑस्ट्रियाकडे. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षं स्वतंत्र प्रजासत्ताक झालं आणि मोडलं. पश्चिम भाग पोलंडकडे गेला, बाकीचा सोव्हिएत संघात. आजचा स्वतंत्र युक्रेन १९९१ चा.

पोलंडच्या राष्ट्रगीताची पहिली ओळ अशी: पोलंड अजून मेलेला नाही. ते १७९७ साली लिहिलं गेलं, तेही पोलंडमध्ये नव्हे. इटलीत, नेपोलियनच्या बाजूने लढायला गेलेल्या पोलिश सैनिकांसाठी. युक्रेनच्या राष्ट्रगीताचे शब्द १८६२ चे आणि त्याची पहिली ओळ: युक्रेन अजून मेलेला नाही. (२००३ मध्ये कायदा करताना ती थोडी बदलली, आता ‘युक्रेनचं वैभव आणि स्वातंत्र्य अजून मेलेलं नाही’ असं म्हणतात.) शेजाऱ्यांनी एकाच ओळीवर आपापली राष्ट्रगीतं उभी केली, आणि शेजारीही असे की एकमेकांशी युद्ध खेळलेले.

आता जन्मगावं बघा. युक्रेनच्या राष्ट्रगीताला चाल देणारा मिखाइलो वेर्बित्स्की हा धर्मगुरू जिथे जन्मला आणि जिथे पुरला गेला, ती दोन्ही गावं आज पोलंडमध्ये आहेत. उलट पोलंडचा जगप्रसिद्ध पियानोवादक-संगीतकार इग्नात्सी पादेरेव्स्की, जो १९१९ मध्ये पोलंडचा पंतप्रधान झाला आणि ज्याने व्हर्सायच्या तहावर सही केली, तो जन्मला आजच्या युक्रेनमधल्या पोदोलिया भागात. शोपँनंतरचा सर्वांत मोठा पोलिश संगीतकार मानला जाणारा कारोल शिमानोव्स्की हाही आजच्या युक्रेनमधल्या तिमोशिव्का गावचा.

हा सीमाप्रदेश महाराष्ट्राला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात राहिले. त्यांतले बरेचसे जुन्या पोलंडच्या पूर्व भागातून, म्हणजे आजच्या युक्रेन, बेलारूस, लिथुएनियातून सोव्हिएतांनी सैबेरियाकडे हाकललेले होते. पुढे इराणमार्गे ते इकडे आले. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं दुसऱ्या देशात गेलेली होती. ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे सरळ उत्तर नव्हतं. या भागातल्या संगीतकारांचंही तसंच आहे.

मग देश नसताना देशाचं संगीत म्हणायचं कशाला? माझ्या मते इथे दोघांच्या वाटा फुटतात. पोलंडने देश तालात ठेवला, युक्रेनने शब्दांत.

## पोलंड: मझुर्का म्हणजे नक्की काय?

टाळी वाजवून बघण्यासारखी गोष्ट आहे. वॉल्ट्झ या युरोपीय नाचात तीन मात्रा असतात आणि वजन पहिलीवर: धा-ना-ना, धा-ना-ना. मझुर्काही तीन मात्रांचीच, पण वजन दुसरीवर किंवा तिसरीवर सरकतं: ना-धा-ना, ना-ना-धा. आणि ते एका जागी थांबत नाही. एका आवर्तनात इथे, पुढच्यात तिथे. दादऱ्यात कुणी समेला मुद्दाम पाय न टेकवता पुढच्या मात्रेवर आपटावा, तसं. वॉर्साच्या आसपासच्या माझोव्शे आणि शेजारच्या कुयावी प्रांतांतले हे खेड्यांतले नाच. त्यात संथ कुयावियाक, मधला मझूर आणि गरगर फिरवणारा ओबेरेक असे तीन प्रकार, आणि शोपँच्या मझुर्कांत तिन्ही मिसळलेले सापडतात.

फ्रेदेरिक शोपँ १८१० मध्ये झेलाझोवा वोला या गावी जन्मला. वडील फ्रेंच, आई पोलिश, घरातली भाषा पोलिश. चौदाव्या वर्षी तो सुट्टीत शाफार्निया नावाच्या खेड्यात राहिला. तिथून घरी पत्रं पाठवायची ती वर्तमानपत्राच्या थाटात, बातम्यांची थट्टा करत. त्या ‘बातम्यां’त कोंबड्या-बदकं आहेत आणि गावातली गाणी-बजावणीही आहेत. म्हणजे त्याने हा नाच पुस्तकातून उचललेला नाही. नोव्हेंबर १८३० च्या सुरुवातीला विशीतला शोपँ वॉर्सातून बाहेर पडला. महिना संपायच्या आत तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि शोपँ पुन्हा कधी मायदेशी परतला नाही. उरलेलं आयुष्य पॅरिसमध्ये, आणि तिथे बसून पन्नासहून अधिक मझुर्का.

एक किस्सा आहे. मायरबेअर हा त्या काळचा ऑपेराचा, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकांचा बडा माणूस. शोपँ शिष्याला मझुर्का शिकवत असताना तो आला, ऐकलं आणि म्हणाला, ‘ही तर दोन मात्रांची आहे.’ शोपँ एरवी मृदू माणूस, पण त्या दिवशी भडकला. तीनच आहेत म्हणून पेन्सिलीने ठोकून दाखवलं, स्वतः वाजवून दाखवलं. मायरबेअर ऐकेना. चार्ल्स हाले या पियानोवादकालाही शोपँची मझुर्का चार मात्रांची ऐकू आली होती, त्याने तर मोजून दाखवलं. तेव्हा शोपँ हसून म्हणाला की, हे आमच्या नाचाचं वळणच आहे. सरकलेल्या मात्रेवर तो इतका रेंगाळायचा की, बाहेरच्या कानाला ती तीनाची वाटतच नसे. कागदावर तीन, कानाला चार; आणि खरं काय ते नाचणाऱ्याच्या पायाला माहीत.

या रेंगाळण्याला रुबातो म्हणतात. शोपँ शिष्यांना सांगे की डावा हात लय सांभाळेल, उजव्याला मोकळीक आहे. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. तबलजी ठेका सोडत नाही आणि ठुमरी गाणारी मागे रेलते, पुढे धावते, पुन्हा समेवर येते. शोपँने दोघांची कामं एकाच माणसाच्या दोन हातांत वाटून दिली.

आणखी एक ओळखीची खूण. माझोव्शेच्या गावसंगीतात चौथा स्वर अनेकदा चढा लागतो, म्हणजे आपला तीव्र मध्यम. शोपँच्या ६८ व्या संचातली तिसरी मझुर्का ऐका. मधल्या भागात डाव्या हाताला फक्त सा आणि प धरून ठेवलेले आहेत, गावच्या मशकवाद्यासारखे, आणि वर तीव्र मध्यमाची चाल नाचते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते तीनदा मागे नेऊन पुन्हा ऐकलं होतं. तानपुऱ्यावर कल्याण थाट ठेवल्यासारखं! अर्थात शोपँला राग ठाऊक नव्हते आणि पोलंडच्या शेतकऱ्यालाही. स्वर बाराच असल्यावर अशा गाठी पडतात, त्यातून लगेच ‘सगळं आपलंच’ असा निष्कर्ष काढू नये.

यात शब्द कुठेही नाहीत, आणि मुद्दा तोच आहे. लंडनच्या प्रकाशकाने शोपँच्या रचनांना काव्यमय नावं चिकटवली, ती त्याला मुळीच आवडली नव्हती. जर्मन संगीतकार शूमानने १८३६ मध्ये लिहिलं, त्याचा आशय असा: उत्तरेकडच्या सम्राटाला या साध्या मझुर्कांत कोणता शत्रू दडलाय हे कळलं, तर तो हे संगीतच बंद करेल, या फुलांखाली पुरलेल्या तोफा आहेत. पण झारचा सेन्सॉर पियानोच्या नोटेशनमध्ये खोडणार काय? दुसऱ्या मात्रेवरचं वजन?

पोलंडने हा ठेवा नंतर अक्षरशः जपला. १८४९ मध्ये शोपँ पॅरिसमध्ये गेला, तिथेच त्याला पुरलं. पण त्याच्या इच्छेप्रमाणे हृदय काढून मद्यार्कात ठेवलं आणि बहीण लुद्विकाने ते वॉर्साला आणलं. आज ते होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. जर्मन ताब्याच्या काळात वॉर्साच्या बागेतला त्याचा पुतळा ३१ मे १९४० रोजी सुरुंग लावून उडवला गेला. तो पुन्हा उभा राहिला १९५८ मध्ये.

## युक्रेन: मग यांचा पियानो कुठे होता?

युक्रेनच्या मुळाशी गळा आहे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासनेत वाद्यं चालत नाहीत. ऑर्गन नाही, व्हायोलिन नाही, जे काही मांडायचं ते माणसाच्या आवाजात. शतकानुशतकं असं चाललं की गावोगाव चार आवाजांत गाणारी माणसं तयार होतात. अठराव्या शतकात ह्लुखिव या गावात मुलांना गायन शिकवणारी शाळा होती, आणि तिथले चांगले आवाज सेंट पीटर्सबर्गच्या दरबारात पाठवले जात. मुलगा तिकडे मोठा झाला की त्याचं नाव ‘रशियन संगीतकार’ या खात्यात जमा. दिमित्रो बोर्त्नियान्स्की असाच ह्लुखिवमधून दरबारात गेला, इटलीत शिकला आणि अखेर दरबारी गायनवृंदाचा प्रमुख झाला. रशियन चर्चसंगीताच्या इतिहासपुस्तकांत त्याला मोठं स्थान असतं, आणि ह्लुखिवची ओळ त्यात बऱ्याचदा नसते.

गळ्याचं दुसरं घर म्हणजे कोबझार. हे बहुतेक अंध गायक, हातात कोबझा किंवा बांदुरा हे तंतुवाद्य, आणि तोंडी कोसाक लढवय्यांच्या लांबच लांब कथा. त्या कथागीतांना दूमा म्हणतात. आपला पोवाडा डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही, फक्त डफाची ललकारी काढून टाका. दूमा शाहिरी जोशात नसते, ती एका माणसाच्या विलापासारखी जाते. अंध मुलांना गुरूकडे वर्षानुवर्षं राहावं लागे, त्यांचे संघ असत, आपसात बोलायची गुप्त भाषाही असे.

मिकोला लिसेंको (१८४२ ते १९१२) हा लायप्झिगला जाऊन रीतसर शिकलेला संगीतकार. परत येऊन तो ओस्ताप वेरेसाय या अंध कोबझारासमोर बसला, त्याची गाणी नोटेशनमध्ये उतरवून घेतली, त्यांच्या स्वररचनेवर अभ्यास लिहिला. पंडिताने फिरस्त्या गायकासमोर वही उघडणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. युक्रेनच्या अभिजात संगीताचा पाया घालणारा म्हणतात तो हा.

आणि इथेच सेन्सॉरला खोडायला शब्द सापडले. मे १८७६ मध्ये जर्मनीतल्या एम्स या आरोग्यस्थानी मुक्कामाला असताना झार दुसऱ्या अलेक्झांडरने एक हुकूम काढला. युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापायची नाहीत, नाटकं करायची नाहीत, आणि नोटेशनखाली युक्रेनियन शब्दही छापायचे नाहीत. गाण्याच्या कागदावरचे शब्दसुद्धा! मैफलीत युक्रेनियन लोकगीत फ्रेंच शब्दांत गायची वेळ आली, असा किस्सा सांगतात. काही वर्षांनी बंदी थोडी सैल झाली, उठली मात्र नाही.

लिसेंकोने या काळात ‘तारास बुल्बा’ हा मोठा ऑपेरा लिहिला. चायकोव्हस्कीला तो आवडला, मॉस्कोत बसवण्यासाठी त्याने मदत देऊ केली असं सांगतात; पण मॉस्कोत होणार तर रशियन भाषेत. लिसेंको नाही म्हणाला. परिणाम काय, तर त्याच्या हयातीत तो ऑपेरा रंगमंचावर आलाच नाही. पहिला प्रयोग १९२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. शोपँ जगाला माहीत आहे आणि लिसेंको नाही, यामागे प्रतिभेतला फरक आहे हे मी नाकारत नाही. शोपँ शोपँच आहे. पण पियानोला भाषांतर लागत नाही आणि ऑपेराला लागतं, हेही कारण आहेच.

## त्या चार स्वरांकडे परत

मिकोला लेओन्तोविच १८७७ मध्ये जन्मला. धर्मगुरूचा मुलगा, स्वतः शाळामास्तर, गावोगाव गायनवृंद शिकवणारा. त्याने ‘श्चेद्रिक’ हे गाणं लोकधूनेवरून बांधलं आणि वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहिलं. १९१६ मध्ये कीवमध्ये ते पहिल्यांदा सभेत गायलं गेलं.

शब्द असे: एक भिंगरी, म्हणजे पाकोळीसारखा छोटा पक्षी, उडत अंगणात आली आणि घरधन्याला हाक मारू लागली, बाहेर ये, गोठ्यात बघ, मेंढ्या व्यायल्या, तुझ्या घरी धन येणार. डिसेंबरात युक्रेनमध्ये भिंगरी कुठली? ती वसंतात येते. हे नव्या वर्षाचं गाणं, आणि ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या जुन्या पद्धतीत तिकडे नवं वर्ष मार्चच्या सुमारास लागे, आपल्या पाडव्यासारखं. दिनदर्शिका बदलली, नवं वर्ष थंडीत सरकलं, गाण्यातली भिंगरी मात्र तशीच राहिली. ‘श्चेद्री’ म्हणजे उदार, भरभरून देणारा.

पेटी अजून बाहेर असेल तर दुसरा प्रयोग करा. उजव्या हाताने तेच चार स्वर चालू ठेवा. डाव्या हाताने खाली सा धरा, मग कोमल नी, मग कोमल ध, मग प. वरची चाल एका स्वरानेही बदललेली नाही, पण प्रत्येक पायरीवर तिचा चेहरा बदलतो. आधी साधी, मग बेचैन, मग अंधारलेली. लेओन्तोविचची करामत साधारण हीच. तीन स्वरांच्या अंतरात फिरणारी, जात्यावरच्या ओवीसारखी लहानशी जुनी चाल त्याने हलवली नाही, भोवतालचे आवाज हलवले.

१९१९ मध्ये नव्या युक्रेनियन प्रजासत्ताकाच्या सरकारने ओलेक्सांद्र कोशित्स याच्या हाताखाली एक गायनवृंद युरोपात पाठवला. हेतू सरळ राजकीय: आम्ही वेगळा देश आहोत, ऐका. वृंद गात फिरत असतानाच मागे देश पडला. गाणारे मात्र फिरतच राहिले आणि ५ ऑक्टोबर १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी ‘श्चेद्रिक’ गायलं. लेओन्तोविच तोवर नव्हता. २३ जानेवारी १९२१ ला पहाटे, वडिलांच्या घरी, रात्रीपुरता आसरा मागून राहिलेल्या पाहुण्याने त्याला गोळी घातली. पाहुणा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा माणूस होता. १९३६ मध्ये पीटर विल्हौस्की याने चालीवर घंटांचे इंग्रजी शब्द लिहिले आणि भिंगरी उडून गेली.

## नोटेशनचा कागद जळला तर?

संगीत कागदावर असल्याचा फायदा सगळे सांगतात, तोटा बार्विन्स्कीने भोगला.

ल्विव हे पश्चिम युक्रेनमधलं शहर. ऑस्ट्रियन त्याला लेम्बर्ग म्हणत, पोलिश ल्वूव. मोझार्टचा धाकटा मुलगा इथे बरीच वर्षं राहिला. शोपँचा शिष्य कारोल मिकुली १८५८ पासून इथल्या संगीतशाळेचा प्रमुख होता आणि त्याने संपादित केलेली शोपँची नोटेशन्स आजही पियानो शिकणारे वापरतात. म्हणजे शोपँची गुरुपरंपरा आजच्या युक्रेनच्या मातीतून गेली आहे. १९१८-१९ मध्ये याच शहरासाठी पोलिश आणि युक्रेनियन एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

या शहरात वासिल बार्विन्स्की हा प्रागमध्ये शिकलेला, नाजूक हाताचा संगीतकार लिसेंकोच्या नावाची संगीतशाळा चालवत असे. १९४८ मध्ये सोव्हिएतांनी त्याला आणि पत्नीला अटक करून दहा वर्षांसाठी मोर्दोवियातल्या छावणीत पाठवलं. मागे ल्विवमध्ये त्याची हस्तलिखितं जाळण्यात आली. सुटून आला तेव्हा सत्तरीचा होता. स्वतःला तो ‘नोटेशन नसलेला संगीतकार’ म्हणवून घेई. उरलेली पाच वर्षं तो आठवेल तसं पुन्हा लिहीत बसला. आपल्याकडे घराण्याची बंदिश दहा शिष्यांच्या गळ्यात असते. पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि अख्ख्या वाद्यवृंदाची लांब रचना, गळ्यात मावत नाही. परदेशी गेलेल्या काही प्रती पुढे सापडल्या, बाकीचं गेलं ते गेलं.

## झाकोपाने: दोन आवाज

शिमानोव्स्कीचं तिमोशिव्कातलं घर १९१७ च्या क्रांतीत उद्ध्वस्त झालं. त्यानंतरचा त्याचा शोध पोलंडच्या दक्षिणेला, तात्रा डोंगरांतल्या झाकोपाने गावापर्यंत आला. तिथल्या धनगर-डोंगरी लोकांचं गाणं कडक, कर्कश म्हणावं असं, आणि त्यातही तो चढा मध्यम. १९३० पासून तो ज्या लाकडी घरात राहिला त्याचं नाव ‘आत्मा’. हो, आपलाच शब्द. आज तिथे त्याचं संग्रहालय आहे. त्याआधी १९१८ मध्ये त्याने टागोरांच्या चार कवितांना चाली दिल्या होत्या.

त्याच झाकोपानेत दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा तुरुंग होता. १९४४ मध्ये कोठडीच्या भिंतीवर अठरा वर्षांच्या एका मुलीने आईला उद्देशून दोन ओळी कोरल्या: आई, रडू नकोस. हेनरिक गुरेत्स्की या संगीतकाराने १९७६ मध्ये त्या ओळी आपल्या तिसऱ्या सिम्फनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत घेतल्या. तिन्ही भागांत एक स्त्री-आवाज, तिन्हीत आई आणि मूल. बदल इतके सावकाश की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, काही होतच नाहीये. विलंबित ख्याल ऐकलेल्याला ती अडचण येऊ नये. १९९२ चं एक ध्वनिमुद्रण दहा लाखांच्यावर खपलं, आणि हयात संगीतकाराच्या सिम्फनीबाबतीत असं सहसा घडत नाही.

## ‘संगीताला देश नसतो’, मग हा हट्ट कशाला?

आक्षेप रास्त आहे. तीव्र मध्यमाला पासपोर्ट नसतो. शोपँने वॉल्ट्झही लिहिले, नॉक्टर्न या शांत, रात्रीच्या भावाच्या पियानोरचनेचा साचा आयर्लंडच्या जॉन फील्डकडून घेतला. पोलिश आणि युक्रेनियन यांचा इतिहासही काही भाऊबंदकीचा गोडवा नाही. १९४३ मध्ये आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या व्होलिनमध्ये युक्रेनियन राष्ट्रवाद्यांनी पोलिश वस्त्यांची कत्तल केली, त्याआधी पोलिश जमीनदारांखाली युक्रेनियन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राबले. ‘राष्ट्रीय संगीत’ हे लेबल लावताना हे विसरून चालत नाही.

पण ‘संगीताला देश नसतो’ असं म्हणणं त्यालाच परवडतं, ज्याच्या देशाचं नाव आधीच पाटीवर आहे. लिसेंकोच्या गाण्याखालचे शब्द खोडणाऱ्याला संगीताला देश असतो हे पक्कं माहीत होतं.

## आणि चायकोव्हस्की? प्रोकोफिएव्ह?

चायकोव्हस्कीचे पूर्वज युक्रेनमधले, तो बहिणीकडे कामियांकाला उन्हाळे काढी, आणि त्याच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोत त्याने तिथे ऐकलेली अंध गायकांची चाल आहे. तरी तो रशियन संगीतकारच, असं माझं मत. उसनी चाल घेतल्याने घर बदलत नाही. प्रोकोफिएव्ह हा विसाव्या शतकातला संगीतकार पूर्व युक्रेनच्या दोनेत्स्क भागातल्या सोंत्सिव्का गावी जन्मला. दोनेत्स्कच्या विमानतळाला त्याचं नाव होतं. २०१४ पासूनच्या लढाईत तो विमानतळ ढिगारा झाला. या माणसाला कुठल्या रकान्यात घालायचं, हे मला ठरवता येत नाही आणि घाईही नाही.

युक्रेनच्या संस्कृतीमंत्र्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये मित्रदेशांना आवाहन केलं की, युद्ध संपेपर्यंत चायकोव्हस्की वाजवू नका. ज्याच्या डोक्यावर क्षेपणास्त्रं पडतायत त्याने असं म्हणणं मी समजू शकतो. मुंबईत बसून मी चायकोव्हस्की बंद करणार नाही. पण कार्यक्रमपत्रिकेवर बोर्त्नियान्स्कीपुढे फक्त ‘रशियन’ लिहिलेलं दिसलं तर आयोजकांना विचारीन.

वालेन्तिन सिल्वेस्त्रोव हा युक्रेनचा आजचा ज्येष्ठ संगीतकार, जन्म १९३७. मार्च २०२२ मध्ये, ८४ व्या वर्षी त्याला कीव सोडून बर्लिनला जावं लागलं. बरोबरच्या बॅगेत हस्तलिखितं होती. बार्विन्स्कीचं काय झालं हे तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

## ऐकायला सुरुवात कुठून?

सिम्फनीपासून नको. ‘श्चेद्रिक’ युक्रेनियन गायनवृंदाचं शोधा, घंटांशिवायचं. चार आवाज मोजायचा प्रयत्न करा. मग लिसेंकोचं ‘युक्रेनसाठी प्रार्थना’, १८८५ चं, साधं आणि छोटं. सिल्वेस्त्रोव रात्री ऐका, आवाज लहान ठेवून. गुरेत्स्कीला एक मोकळी संध्याकाळ द्या.

आणि शोपँची ती ६८ व्या संचातली तिसरी मझुर्का. चाल एफ मेजरमध्ये आहे, मधला भाग बी फ्लॅटवर, म्हणजे पेटीवर काळी पाचला सा. तिथे सा-प धरून ठेवा आणि पायाने मात्रा मोजा. तो भाग लहान आहे, चटकन संपतो. पहिल्या खेपेला बहुधा पाय चुकेल. मायरबेअरचाही चुकला होता.